खेळाच्या यंत्राला पोटमाळा

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं. वाचायला सोयीचं व्हावं म्हणून थोडं आवरून दिलं आहे. शेवटी श्रोत्या मैत्रिणींचे प्रश्नही घेतले आहेत.)

मी उल्हासनगर कॅम्प चारमधून बोलतेय. माहेर माझं मुरबाडकडचं, त्यामुळे तुमच्यापैकी कितीतरी जणी मला शेजारच्याच वाटतात. घरी शिवणकाम करते आणि आमच्या बचत गटाची वही गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. मला आज बोलायला सांगितलं तेव्हा वाटलं, लोणचं-पापड किंवा गटाच्या हिशोबावर बोलायचं असेल. पण निवेदक ताई म्हणाल्या, "त्या दिवशी चहा पिताना ते खेळाच्या यंत्राचं सांगत होतात ना, तेच सांगा." म्हणून आजचा विषय आहे मुलांच्या खेळाच्या यंत्रातली जागा संपली तर काय करायचं.

हसू नका. दहा मिनिटं ऐका. यातलं अर्धं ज्ञान तुमच्या गटाच्या कॉम्प्युटरला जसंच्या तसं लागू पडतं.

भांडण कशावरून झालं

माझा थोरला मुलगा वीस वर्षांचा, कुरिअरच्या कामावर जातो. त्यानं दीड वर्ष पैसे साठवून एकाकडून वापरलेलं प्लेस्टेशन ५ घेतलं. टीव्हीला जोडायचं आणि खेळायचं. धाकटी लेक नववीत आहे. तीही खेळायला लागली. थोरल्याला लढाईचे खेळ आवडतात, धाकटीला गाडीच्या शर्यतीचा. त्यात ती इतकी तरबेज झाली, की गल्लीतली मुलं तिच्याशी शर्यत लावायला यायची.

मग एक दिवस यंत्र म्हणालं, जागा नाही. थोरल्यानं नवा खेळ घालण्यासाठी जुना एक काढला. कोणता? धाकटीचा. तिनं परत उतरवून घेतला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा ती रडत माझ्याकडे आली. मी मशीनवर होते, ब्लाऊज द्यायचा होता. मी म्हटलं, "सोड गं, खेळच तर आहे. दादानं घेतलंय, त्याचं आधी."

ती काही बोलली नाही. पण रात्री मलाच झोप येईना. कारण हेच वाक्य मी लहानपणी ऐकलंय. सायकल दादाची, दिवा दादाच्या अभ्यासाला, खाट दादाला. जागा कमी पडली की पहिली वस्तू मुलीची उचलायची, ही रीत मी माझ्याच घरात, माझ्याच तोंडानं चालू ठेवली होती. म्हणून ठरवलं, हे जागेचं प्रकरण आधी समजून तरी घेऊ.

जागा म्हणजे काय

फोनमध्ये फोटो फार झाले की "स्टोरेज फुल" येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. इथंही तेच आहे. फोनवर उतरवलेला एक सिनेमा साधारण एक-दोन जीबीचा असतो. या यंत्रातला एक मोठा खेळ शंभर जीबीच्या घरात जातो. आमच्या जुन्या धाटणीच्या प्लेस्टेशन ५ मध्ये कंपनीनं ८२५ जीबी दिलेत, पण यंत्राची स्वतःची कामं वजा जाता वापरायला साधारण ६६७ जीबीच उरतात. म्हणजे मोठे खेळ पाच-सहा, बस्स. पुढे निघालेल्या सडपातळ यंत्रात १ टीबी, म्हणजे १००० जीबी आहे. तरी मोठे खेळ आठ-नऊ झाले की तेही भरतं.

तुम्ही म्हणाल, काढलेला खेळ पुन्हा उतरवता येतो, मग अडलं कुठं? इंटरनेटवर अडलं. शंभर जीबीचा खेळ ३० एमबीपीएसच्या वायफायवर उतरवायला सलग साडेसात तास लागतात. आणि ज्या घरी वायफाय नाही, फोनचं रोजचं दोन जीबीचं पॅक आहे, तिथं? पन्नास दिवस. गावाकडे जागेची किंमत शहरापेक्षा जास्त आहे ती अशी. एकदा उतरवलेलं घरातच राहिलं, तर पॅकचे पैसे वाचतात.

आता उल्हासनगरच्या माणसाला समजेल असं सांगते. हे गाव मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबं इथल्या बराकींमध्ये राहायला आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्प एक ते पाच ही नावं त्या छावणीतूनच राहिलीत. बराकीतली खोली म्हणजे एवढीशी. माणसं वाढली की लोकांनी काय केलं? भिंती हलवता येत नव्हत्या, मग वर पोटमाळा काढला. प्लेस्टेशन ५ मध्ये कंपनीनं असाच एक पोटमाळा आधीच ठेवलाय. पांढऱ्या झाकणाखाली एक रिकामी खाच आहे. भारतात हे यंत्र २ फेब्रुवारी २०२१ ला आलं, पण ती खाच तेव्हा बंदच होती. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीनं यंत्राची अंतर्गत प्रणाली सुधारली आणि मग ती सगळ्यांसाठी उघडली. त्या खाचेत एक पट्टी बसवायची. तिचं नाव एम.टू एसएसडी.

आधी फुकटात काय होतं ते बघा

घर लहान आहे म्हणून कोणी लगेच दुसरं घर घेत नाही, आधी माळा झाडते. तसंच इथं.

यंत्राच्या सेटिंग्जमध्ये "स्टोरेज" नावाचा भाग आहे. तिथं कशानं किती जागा खाल्ली ते दिसतं. आमच्याकडे दोन खेळ असे निघाले, की जे वर्षभर कोणी उघडलेच नव्हते. शिवाय खेळताना आपोआप घेतलेले व्हिडिओ भरपूर साठले होते. ते काढले.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथंच माझ्या लेकीचे डोळे पुसले गेले. खेळ काढला म्हणजे खेळातली प्रगती जात नाही. खेळ वेगळा आणि "सेव्ह डेटा" वेगळा. खेळ पुन्हा घातला की जिथं थांबलो होतो तिथून सुरू करता येतं. सेव्ह डेटा मात्र कोणी हातानं पुसला तर गेला. म्हणून घरात नियम केला, की त्या यादीला कोणी हात लावायचा नाही.

मग स्वस्तातला मार्ग

बाहेरून यूएसबीनं जोडायची हार्ड डिस्क किंवा एसएसडी हा दुसरा मार्ग. २५० जीबीपासून ८ टीबीपर्यंतची चालते आणि ती थेट यंत्राला जोडायची, मध्ये यूएसबी हब नको. पण इथं एक मेख आहे. प्लेस्टेशन ४ साठीचे जुने खेळ त्या बाहेरच्या डिस्कवरून खेळता येतात. प्लेस्टेशन ५ चे खेळ तिथं फक्त ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. खेळायचं म्हटलं की आधी आत आणावे लागतात.

म्हणजे बाहेरची डिस्क ही घराबाहेरची अडगळीची खोली. सामान राहतं, पण स्वयंपाक तिथं होत नाही. तरीही पुन्हा साडेसात तास उतरवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तुमच्याकडे जुने खेळच जास्त असतील, तर इथंच थांबा. जास्त पैसे घालू नका.

आम्ही फसलो ते

आम्ही हा स्वस्तातला मार्गच आधी धरला होता आणि त्यात तोंडघशी पडलो. थोरल्यानं मोबाईलवर जाहिरात पाहिली: "१६ टीबी, फक्त पंधराशे रुपये." मागवली. दिसायला चकचकीत. कॉम्प्युटरला लावली तर दाखवायलाही १६ टीबी दाखवते. मला कौतुक वाटलं. म्हटलं, एवढी जागा आहे तर आपल्या गटाच्या वह्यांचे फोटो आणि मेळाव्यांचे फोटोही त्यात ठेव. ठेवले.

दोन महिन्यांनी उघडून बघतो तर फायलींची नावं दिसतात, पण उघडत एकही नाही. डबी उघडली तर आत एक साधं मेमरी कार्ड डिंकानं चिकटवलेलं. अशा खोट्या डिस्कला आकडा खोटा सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढचं सगळं हवेत जातं, आणि ती मात्र "झालं, ठेवलं" असंच म्हणत राहते.

हिशोब वाचला, कारण कागदाची वही माझ्या पेटीत होती. मेळाव्याचे फोटो मात्र गेले. त्यात आमच्या गटातल्या, आता हयात नसलेल्या एका ताईंचा भाषण करतानाचा फोटो होता. त्यांच्या सुनेला ते सांगताना माझी मान वर होत नव्हती.

त्यातून तीन गोष्टी शिकले. एक, भाव अशक्य वाटला तर माल अशक्यच असतो. १६ टीबी पंधराशेत जगात कोणी देत नाही. दोन, नवी डिस्क घेतली की आधी तपासायची. ती पूर्ण भरून, पुन्हा वाचून खरं-खोटं सांगणारे मोफत प्रोग्राम कॉम्प्युटरसाठी मिळतात. एचटूटेस्टडब्ल्यू हे त्यातलं एक नाव. कॉम्प्युटर शिकलेल्या मुलाला सांगा, तो करून देईल. तीन, महत्त्वाची गोष्ट एकाच ठिकाणी ठेवायची नाही. सोनं आपण एका डब्यात ठेवत नाही, मग कागदपत्रं का ठेवायची?

"मेड बाय यूएसए म्हणजे उल्हासनगर" हा विनोद आमच्या गावावर जुना आहे. पण फसवणारी डबी कुठल्याही गावाची असू शकते. पक्कं बिल घ्या, डब्यावरचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. आणि दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करा. आमच्याकडे बिलच नव्हतं.

पट्टी निवडताना

यावेळी मी ठरवलं, की कळल्याशिवाय खरेदी नाही. कागदावर पाच गोष्टी लिहिल्या. दुकानात जाताना तुम्हीही लिहून न्या.

पहिली गोष्ट, जात. प्लेस्टेशन ५ ला "एनव्हीएमई, पीसीआयई जेन ४" अशी पट्टी लागते. डब्यावर "जेन ३" लिहिलं असेल तर चालत नाही. "साटा" लिहिलं असेल तरीही नाही. गंमत म्हणजे साटाची पट्टी दिसायला अगदी अशीच असते. ओळखायची खूण सांगते. पट्टीच्या सोनेरी दातांमध्ये खाच असते. आपल्याला लागणाऱ्या पट्टीला एकच खाच असते. साटाच्या बहुतेक पट्ट्यांना दोन असतात.

दुसरी, वेग. कंपनी सांगते, वाचण्याचा वेग सेकंदाला ५५०० एमबी किंवा जास्त असावा. हा आकडा डब्यावर ठळक छापलेला असतो.

तिसरी, आकार. रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर, म्हणजे मधल्या बोटाएवढी. या मापाला "२२८०" म्हणतात. दुकानात हेच सगळ्यात जास्त मिळतं. यंत्र २२३० पासून २२११० पर्यंतची मापं घेतं, पण आपण २२८० च मागावं.

चौथी, उष्णता. ही पट्टी चालताना तापते. तिच्यावर धातूची पन्हाळी असलेलं कवच हवंच. त्याला हीटसिंक म्हणतात. पट्टी कवचासकट घेतली तर उत्तम. पण कवच फार जाड नको, नाहीतर यंत्राचं झाकण बसत नाही. कवचासकट एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत आणि रुंदी २५ मिलिमीटरच्या आत हवी.

पाचवी, जागा किती. २५० जीबीपासून चालते. वरची मर्यादा आधी ४ टीबी होती, सप्टेंबर २०२३ पासून ८ टीबी झाली. साध्या घराला १ टीबी पुष्कळ. त्यापुढचे पैसे म्हणजे माणसं चार आणि ताटं चाळीस. त्याऐवजी तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असलेली, नावाजलेल्या कंपनीची पट्टी घ्या.

भाव वर-खाली होत असतात, म्हणून निदान तीन ठिकाणी विचारा. आम्हाला १ टीबीची, कवचासकट, साडेआठ हजारांना पडली. गटातून कर्ज काढायचं का, असा विचार आला होता. पण खेळासाठी गटाचा पैसा नको, असं मीच ठरवलं. थोरल्यानं निम्मे दिले. निम्मे मी चार महिन्यांच्या ब्लाऊजच्या शिलाईतून बाजूला काढले. देताना मी एकच अट घातली: "नव्या जागेतली निम्मी तुझ्या बहिणीची. लिहून."

दुकानात एक प्रसंग झाला. आधीच्या दुकानदारानं "हीच ती" म्हणून पट्टी पुढे केली. लेकीनं हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि म्हणाली, "काका, याला दोन खाचा आहेत. ही साटाची आहे." तो म्हणाला, "बाळा, सगळ्या सारख्याच असतात." मी कागद पुढे केला. त्यानं गुपचूप पट्टी परत कपाटात ठेवली. आम्ही दुसरीकडून घेतली, पक्क्या बिलावर.

बसवताना

आता बसवण्याचं. हे काम मी आणि लेकीनं मिळून केलं, थोरला फक्त बघत होता. पट्टीसाठीची ही जागा कंपनीनंच ग्राहकाला स्वतः उघडता यावी म्हणून ठेवली आहे आणि बसवायची रीतही सांगितली आहे. यंत्राचं पोट फाडायचं नाही, फक्त वरचं झाकण काढायचं असतं. मी सांगते ती रीत आमच्या जुन्या जाड यंत्राची. सडपातळ यंत्राची झाकणं चार तुकड्यांत असतात. तुमच्याकडे ते असेल तर त्याची पुस्तिका बघा.

आधी यंत्राची प्रणाली इंटरनेटवरून अद्ययावत करून घ्या. मग यंत्र पूर्ण बंद करा. "रेस्ट मोड" म्हणजे डुलकी, ती चालत नाही. दिवा पूर्ण विझला पाहिजे. सगळ्या वायरी काढा आणि यंत्र निवू द्या. तापलेल्या तव्याला आपण हात लावत नाही, तसंच.

टेबलावर जुनी मऊ चादर अंथरा. खालचं स्टँड स्क्रू काढून वेगळं करा. कंपनीचं चिन्ह असलेली बाजू खाली आणि चालू करायचं बटण आपल्यापासून लांब, असं यंत्र आडवं ठेवा. मग वरच्या पांढऱ्या झाकणाचा कोपरा हलकेच उचला आणि झाकण सरकवा. पहिल्यांदा "कट्" असा आवाज होतो. माझं काळीज लक्‌कन हललं, पण आवाज तसाच असतो. मोडलेलं काही नसतं.

झाकण निघालं आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. आत निळा कापूस! आमच्या भागात जीन्सचे कारखाने आहेत आणि घरोघरी जीन्सचे धागे कापायचं काम चालतं. शेजारच्या खोलीतही चालतं. तो निळा तंतू हवेतून येऊन पंख्यापाशी बसला होता. यंत्र घरघर करायचं ते उगाच नाही. व्हॅक्यूम हलकेच लावून तो ओढून घेतला. त्या यंत्रात धूळ साठण्यासाठी दोन भोकं मुद्दाम ठेवलेली आहेत, तिथून ती ओढता येते. ज्यांच्या घरी धागे कापणं, गोधडी शिवणं, पीठ दळणं असं काम आहे, त्यांनी यंत्र जमिनीवर ठेवू नये आणि त्याच्या मागची-बाजूची जाळी मोकळी ठेवावी.

पुढे. एक लांबट धातूची पट्टी एका स्क्रूनं बसवलेली दिसेल. तेच पोटमाळ्याचं दार. त्यासाठी अधिकच्या चिन्हासारखं टोक असलेला लहान, एक नंबरचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. शिवणयंत्राचा चपटा चालणार नाही, मी करून बघितलं, स्क्रूचं तोंडच खराब व्हायला आलं होतं. काढलेले स्क्रू वाटीत ठेवा.

आत हात घालण्याआधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. नायलॉनची साडी नेसून हे काम करू नका, सुती बरी. पट्टी कडेनं धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका.

खाचेत आकडे दिसतात: ३०, ४२, ६०, ८०, ११०. तिथं एक लहान कडं, म्हणजे स्पेसर आणि एक स्क्रू असतो. कारखान्यातून तो ११० वर येतो. आपली पट्टी २२८०, म्हणून स्क्रू काढून कडं ८० वर बसवायचं. हे विसरलं तर पट्टी अधांतरी राहते. मग पट्टी तिरकी धरून खाचेशी खाच जुळवून आत सरकवायची, हलकेच खाली दाबायची आणि स्क्रू लावायचा. स्क्रू नीट बसेल एवढाच आवळा. बाटलीचं झाकण लावताना लावतो तेवढा जोर नको. जात नसेल तर जबरदस्ती नको, काढून पुन्हा जुळवा.

धातूचं दार लावा, पांढरं झाकण सरकवा, स्टँड लावा, वायरी जोडा.

यंत्र चालू केलं की पडद्यावर आपोआप विचारणा येते: नवी पट्टी "फॉरमॅट" करायची का. हो म्हणा. यात पट्टीवर आधीचं काही असेल तर सगळं पुसलं जातं, म्हणून जुनी वापरलेली पट्टी असेल तर आधी बघून घ्या. मग यंत्र वेग मोजून दाखवतं. आमचा आकडा ५५०० च्या वर आला आणि लेकीनं टाळी दिली. वीज जाण्याच्या वेळेत हे काम काढू नका. फॉरमॅट चालू असताना यंत्र बंद होता कामा नये.

शेवटी सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन नवे खेळ कुठं ठेवायचे ते निवडा. जुने खेळही आतल्या आत हलवता येतात, पुन्हा उतरवावे लागत नाहीत. तिचा शर्यतीचा खेळ आम्ही सगळ्यात आधी नव्या जागेत नेला.

मैत्रिणींचे प्रश्न

*आमच्याकडे प्लेस्टेशन ४ आहे. त्याला ही पट्टी बसते का?*
नाही. त्यात अडीच इंची साटाची डिस्क असते. ती काढून मोठी किंवा एसएसडी घालता येते, जाडी ९.५ मिलिमीटरच्या आत हवी. पण तिथं जुनी डिस्क निघते, म्हणून आधी सेव्ह डेटा यूएसबीवर काढून घ्यायचा आणि प्रणाली नव्यानं घालायची. एवढा खटाटोप नको असेल तर बाहेरची यूएसबी डिस्क लावा. प्लेस्टेशन ४ चे खेळ तिच्यावरून चालतात.

*आणि एक्सबॉक्स?*
एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस यांना मागच्या बाजूला एक खास कार्ड लागतं. ते नुसतं खोचायचं, काही उघडायचं नाही. पण तेच खास कार्ड लागतं, साधी एम.टू पट्टी नाही.

*फोनचं मेमरी कार्ड चालेल का?*
प्लेस्टेशन ५ च्या या खाचेत नाही. निन्टेन्डो स्विच नावाच्या हातातल्या यंत्राला ते चालतं. पण नव्या स्विच २ ला "एक्सप्रेस" जातीचं कार्ड लागतं, जुनं नाही.

*दुकानदार बसवून देतो म्हणाला. देऊ का?*
द्या, पण शेजारी बसून बघा. आपली पट्टी आपल्या समोर डब्यातून निघावी, आणि शेवटी पडद्यावरचा वेग आणि जागेचा आकडा बघूनच पैसे द्या.

*पट्टी काढून भावाच्या यंत्रात घातली तर खेळ तिकडे चालतील का?*
नाही. दुसरं यंत्र तिला पुन्हा फॉरमॅट करायला सांगतं, सगळं पुसलं जातं.

*आमच्या गटाचा कॉम्प्युटर चालू व्हायला दहा मिनिटं घेतो. याचा उपयोग?*
ताई, याच प्रश्नाची मी वाट बघत होते. जुन्या कॉम्प्युटरमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर ती बदलून साधी साटाची एसएसडी घालता येते. तिला खेळाच्या पट्टीइतका वेग लागत नाही आणि किंमतही कमी पडते. नवा कॉम्प्युटर घेण्याआधी हे विचारून बघा. जुन्या डिस्कवरचा हिशोब मात्र आधी दोन ठिकाणी काढून घ्या.

तर मैत्रिणींनो, आमच्या घरी आता भांडणं संपली असं मी म्हणणार नाही. रिमोट कोणाच्या हातात, यावर रोज होतात. अभ्यासाची वेळ ठरलेली आहे, ती मोडली की यंत्राची वायर माझ्या कपाटात जाते, दोघांसाठी सारखीच. पण लेकीचा खेळ त्यानंतर कोणी काढला नाही. कपाटाच्या दाराआत एक कागद चिकटवलाय. त्यावर थोरल्याच्या अक्षरात लिहिलंय, "निम्मी जागा तिची", आणि खाली सही.

मागच्या आठवड्यात गटाच्या बैठकीला ती आली होती, स्वतःचा छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन. गटाचा कॉम्प्युटर ती उघडून बघणार आहे. आधी हिशोबाच्या दोन प्रती काढल्यात, आणि कागदाची वही माझ्या पेटीत आहेच.

पुढच्या वेळी गटाच्या वहीवरच बोलेन. नमस्कार.